दुःखाच्या घरी ख्रिस्ती आशा कशी न्यावी

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून ‘डॉक्टरांनी आशा सोडली’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला आपल्या भाषेत आशा या शब्दावर केवढा भार पडतो हे ठाऊक असते. मराठीत आशा वेडी असते, ती माणसाला झुलवत ठेवते, आणि कोणी कोणाला नुसते आशेवर ठेवले असे म्हटले की त्यात फसवणुकीचा वास येतो. नेमका हाच शब्द आपल्या पवित्र शास्त्रात विश्वास आणि प्रीती यांच्या शेजारी बसलेला आहे. म्हणून मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जे लोक आजाऱ्याच्या उशाशी किंवा मयताच्या घरी ‘आशेचे दोन शब्द’ बोलायला जातात, मग ते पाळक असोत, मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ म्हणजे ‘वडील’ असोत, महिला मंडळातल्या भगिनी असोत की तरुण संघातली मुले, त्यांनी हे काम कसे करावे याचा थोडा विचार आधी केलेला बरा. मी मंडळीतला एक वडील म्हणून बरीच वर्षे अशा भेटींना जातो आहे, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे चुकल्यानंतर शिकलेले आहे.

निघण्यापूर्वी

आपण कोणत्या आशेविषयी बोलणार आहोत हे घरातून निघतानाच स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, कारण तिथे गोंधळ राहिला तर तो पुढे लपत नाही. आजारी माणूस बरा होईल, घराची घडी पुन्हा बसेल, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्यासाठी प्रार्थना करण्यात काहीच गैर नाही. पण ख्रिस्ती आशा तिच्यावर उभी नाही. ती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. रोमी सत्तेने ज्याला वधस्तंभावर दिले तो येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, आणि त्याच्या बाबतीत जे घडले तेच देव त्याच्या लोकांच्या आणि अखेरीस सबंध सृष्टीच्या बाबतीत करणार आहे, एवढा तिचा पाया आहे. प्रेषित पौलाने इ. स. 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा त्याने या बाबतीत पळवाट ठेवली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे आणि आपल्याइतके लाचार कोणी नाही, अशा अर्थाचे त्याने सरळ लिहून टाकले. डॉक्टरांनी सोडलेली आशा आणि पौलाची आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संपली तरी दुसरी संपत नाही. मात्र दुसरी आहे म्हणून पहिली संपल्याचे दुःख खोटे ठरत नाही, आणि आपण बोलायला चुकतो ते बहुतेक वेळा इथेच.

उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि थोमाला त्याने तेच दाखवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या पुनरुत्थानाने व्रण पुसले नाहीत, त्याचा दाखला देऊन ‘झाले गेले विसरा’ असे कोणाला सांगता येत नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सृष्टीच्या दुःखाला बाळंतवेणांची उपमा देतो. आपल्याकडच्या कोणत्याही आईला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. वेणा खऱ्या असतात, त्या हलक्या लेखणाऱ्याचा राग येणे रास्त असते, आणि तरीही त्या कशासाठी तरी चाललेल्या असतात. त्याच अध्यायात पौल सांगतो की सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आपल्याला धड प्रार्थनाही सुचत नाही तेव्हा देवाचा आत्मा आपल्यासाठी शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. भेटीला निघण्यापूर्वी हा अध्याय सबंध वाचावा. त्यातले एकच वचन उचलून नेऊ नये. ते का, हे पुढे सांगतो.

भेटीला शक्यतो दोघांनी जावे. येशूने शिष्यांना दोघेदोघे असे धाडले होते, आणि त्यात व्यवहारी शहाणपणही आहे, कारण एकाला शब्द सापडेनासे झाले की दुसरा नुसता शेजारी बसून राहिला तरी आधार होतो. मयत कोण, वय किती, काय झाले, घरात लहान मुले आहेत का, हे आधी शेजाऱ्यांकडून समजून घ्यावे, म्हणजे दारात पाऊल ठेवल्याबरोबर घरच्या माणसांना तीच हकीकत पुन्हा सांगायला लागत नाही. त्यांनी आपण होऊन सांगितली तर ती मात्र पूर्ण ऐकावी, आणि दहाव्यांदा सांगितली तरी ऐकावी.

घरात गेल्यावर

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका घरी कॉलेजात जाणारा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो. बाहेर चपलांचा ढीग होता, खोलीत मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, शेजारच्या घरून पिठले-भाकरीचे पातेले आले होते आणि त्याला कोणी हात लावलेला नव्हता. बसून पाच मिनिटेही झाली नसतील, तोच मी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले ते सुप्रसिद्ध वचन वाचले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. मुलाच्या आईने मान वर केली. दाराजवळच्या खुंटीला त्याचे हेल्मेट टांगलेले होते. त्या दिवशी ते घरीच राहिले होते. तिकडे बघत ती मला म्हणाली, “भाऊ, यातलं कल्याण कोणतं, तेवढं दाखवा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वचन खोटे नाही आणि माझी त्यावर आजही श्रद्धा आहे, पण पौल त्या वचनापर्यंत वेणा आणि कण्हणे यांतून चालत आला होता आणि मी तो रस्ता सोडून थेट मुक्कामावर जाऊन उभा राहिलो होतो. शिवाय ते वचन पौलाने पुत्र गमावलेल्या बाईच्या तोंडावर फेकलेले नाही. ज्या मंडळीला आपल्याबरोबर कण्हण्याचा अधिकार त्याने आधी दिला होता, त्या मंडळीला ते लिहिलेले आहे.

त्यानंतर मी योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय नव्याने वाचला. लाजर मरून चार दिवस झाल्यावर येशू बेथानीला पोहोचतो. मार्था गावाबाहेर येऊन त्याला म्हणते की प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मरता ना. थोड्या वेळाने मरीया येते आणि तीही तेच म्हणते. एकाच घरातल्या दोन बहिणी एकच तक्रार करतात, आणि येशू दोघींना निरनिराळे उत्तर देतो. मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीयेला तो काहीच शिकवत नाही, तिच्याबरोबर रडतो. काही क्षणांत लाजर कबरेतून बाहेर येणार आहे हे ठाऊक असूनही तो रडतो. तेव्हा समोर मार्था बसली आहे की मरीया, हे ओळखणे हेच भेटीला गेलेल्या माणसाचे पहिले काम आहे. आणि ओळखता येत नसेल तर मरीयाच आहे असे धरून चालावे, त्यात चूक झाली तरी कोणाला इजा होत नाही.

मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले, ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेवढेच. पुढे ते बोलू लागले, देवाची बाजू मांडू लागले, ईयोबाचे कोठेतरी चुकलेच असेल हे पटवू लागले. आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांनाच म्हणतो की माझा सेवक ईयोब जसे माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने देवाला जाब विचारला त्याचे बोलणे देवाला नीट वाटले, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुरेशी सांगितली जात नाही.

म्हणून काही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात’, ‘त्याच्या बागेत या फुलाची गरज होती’, ‘तुम्ही विश्वासणारे, तुम्ही असे रडू नका’ ही ती वाक्ये. शेवटच्या वाक्याला लोक थेस्सलनीकाकरांस पत्राचा आधार देतात, पण पौल तिथे शोकच करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे म्हणतो. आशा असलेल्यांचाही शोक असतो हे त्याने गृहीतच धरले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावांत आणि वस्त्यांत विशेष सांभाळावी लागते. मृत्यू झालेल्या घराभोवती कुजबुज असते: घराण्याला काहीतरी लागले आहे, कोणीतरी काही केले आहे, देवाचा नवस किंवा मंडळीचा दशमांश राहिला असेल. ख्रिस्ती घरे यातून सुटलेली आहेत असे मानू नये. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असेही त्याने स्पष्ट सांगितले. एखाद्याने स्वतःचा जीव घेतलेला असेल तर त्याच्या घरी हे दुपटीने लक्षात ठेवावे. त्या माणसाचे पुढे काय झाले याचा निवाडा आपल्याकडे सोपवलेला नाही. दफनभूमीत त्याला इतरांसारखी जागा आणि घरच्यांना इतरांसारखी सोबत मिळेल एवढे आपण पाहावे, आणि त्यांच्यातले कोणी फार खचलेले दिसले तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांपर्यंत स्वतः घेऊन जावे.

काय वाचावे

स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, तरी आपल्या सांत्वनसभांमधून फिरून फिरून तेविसावेच वाचले जाते. ते वाचू नये असे मी म्हणणार नाही, कारण पुष्कळांना ते पाठ असते आणि ओळखीचे शब्द कानावर पडण्यातही दिलासा असतो. पण पहिल्या भेटीत तेराव्या स्तोत्राचा विचार करावा. ते अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याची सुरुवातच देवाला चार वेळा ‘कोठवर’ असे विचारून होते. ते वाचताना प्रत्येक ‘कोठवर’नंतर थांबावे, घाई करू नये, घरातले कोणी आपला प्रश्न त्या जागी बोलून दाखवील, कोणी नुसताच हुंदका देईल, कोणी काहीच करणार नाही, आणि यांपैकी काहीही झाले तरी ते त्या प्रार्थनेतच धरावे. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्र भरवशाकडे वळते. समोरच्या माणसाची तयारी दिसत नसेल तर ती दोन वचने आपण आपल्यासाठी म्हणून हळू आवाजात वाचावीत.

काळोख फारच दाट असेल तिथे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. त्याच्या शेवटी वळण नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. असे स्तोत्र शास्त्रात ठेवले गेले, याचा अर्थ असे बोलणारा माणूस देवासमोरून हाकलला जात नाही, आणि ज्या आईला प्रार्थनाच करवत नाही तिला हे कळणे फार मोठे असते. वधस्तंभावर येशूने स्वतः बाविसाव्या स्तोत्राचा आधार घेतला: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

विलापातून आशा उगवते याचे एक विसाव्या शतकातले उदाहरण सांगण्यासारखे आहे. युर्गेन मोल्टमान हा जर्मनीतल्या हाम्बुर्गचा मुलगा. 1943 साली त्या शहरावर बाँबहल्ले झाले तेव्हा तो विमानवेधी तोफेवर होता, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत मेला. 1945 मध्ये तो युद्धकैदी झाला. स्कॉटलंडमधल्या छावणीत त्याच्या हाती बायबल आले, आणि त्याच्या मनाला प्रथम भिडले ते एकोणचाळिसावे विलापस्तोत्र आणि मार्काने नोंदलेली येशूची तीच किंकाळी. आपल्याला समजून घेणारा कोणी आहे हे त्याला तिथे कळले. पुढे ख्रिस्ती आशेवर सर्वांत मनःपूर्वक विचार करणाऱ्यांपैकी एक म्हणून जग त्याला ओळखू लागले.

पुनरुत्थानाविषयी कधी बोलावे, हे विचारले जाते. अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट इथे वाट दाखवते. वधस्तंभानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेम सोडून चाललेले असतात, उठलेला येशू त्यांच्यासोबत चालू लागतो आणि पहिल्यांदा विचारतो की तुम्ही काय बोलत आहात. ते म्लानमुख होऊन उभे राहतात आणि सगळी हकीकत सांगतात. आम्ही अशी आशा धरली होती, हे आशेचे भूतकाळातले रूप त्यांच्या तोंडी येते. तोपर्यंत तो मध्ये बोलत नाही. मग शास्त्र उलगडून सांगतो, आणि तरीही ते त्याला ओळखतात ते शास्त्राच्या वेळी नव्हे, तर घरी बसून भाकर मोडल्यावर. त्याने त्यांना मंदमती म्हटले हे खरे, पण तो अधिकार त्याचा. आपण विचारणे, सोबत चालणे आणि एका ताटात जेवणे एवढे घ्यावे.

आजाऱ्याजवळ

बरे होण्यासाठी अवश्य प्रार्थना करावी, नाव घेऊन, संकोच न बाळगता करावी, पण बरे होण्याचे वचन देवाच्या वतीने देऊ नये. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. यांचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा ‘विश्वास पुरेसा असता तर’ हे शब्द आजाऱ्याच्या खोलीत उच्चारणे मला क्रूरपणाचे वाटते. औषध, डायलिसिस, इन्शुलिन, यांपैकी काहीही बंद करण्याचा सल्ला कोणी विश्वासाच्या नावाने देत असेल, तर त्याला तिथल्या तिथे अडवावे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभे केलेले मिशन रुग्णालय ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले, त्यांना शस्त्रक्रियेचे टेबल आणि प्रार्थना एकाच खोलीत मावतात हे शिकवावे लागू नये.

शेवट जवळ आला असेल तर माणसाला विचारावे की काही बोलायचे आहे का, कोणाला भेटायचे आहे का, कोणते गीत ऐकायचे आहे. नारायण वामन टिळकांची भजने ओठांवर असलेली पिढी अजून आहे. त्यांतले एखादे दोघांनी हळू आवाजात म्हटले तर ग्लानीतल्या माणसाचे ओठही हललेले मी पाहिले आहेत. हात हातात घ्यावा. प्रार्थना चार वाक्यांपेक्षा मोठी करू नये.

हाताला काम

आशा बोलण्यापुरती राहिली की ती लवकर शिळी होते. पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे आयुष्य या बाबतीत मी वारंवार आठवतो. सत्तरीच्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत 1882 मध्ये पती गेले. उपाशी पोटाने पायपीट करणे म्हणजे काय हे त्यांच्या अंगाला माहीत होते, म्हणून 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना आणि बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि ते छापण्याचे काम तिथल्याच स्त्रियांनी केले. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी त्यानंतर भाषांतराचे काम चालू ठेवले आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. आपल्या मुलीला मातीत ठेवून परत टेबलापाशी बसणाऱ्या या बाईने आशा या शब्दासाठी कोणता मराठी शब्द योजावा याचा विचार किती वेळा केला असेल, हे माझ्या मनात येते.

आपल्या पातळीवर हे काम साधे असते: मृत्यूचा दाखला काढून देणे, बँकेत वारसाचे कागद भरायला सोबत जाणे, मुलांच्या शाळेची फी या महिन्यापुरती भागवणे, दळण आणून देणे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये. दुःखातला माणूस सांगत नाही. ‘उद्या दहा वाजता तहसील कचेरीत जाऊ, मी रिक्षा घेऊन येतो’ असे म्हणावे.

पुढचे वर्ष

गर्दी चाळीस दिवसांत ओसरते, आणि खरी भेट त्यानंतर सुरू होते. पहिला नाताळ, मृताचा पहिला वाढदिवस, आणि वसई, मुंबई, गोव्यातल्या कॅथलिक घरांसाठी 2 नोव्हेंबरची संध्याकाळ, जेव्हा कबरींवर मेणबत्त्या लागतात, हे दिवस वहीत लिहून ठेवावेत. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे अनेक मंडळ्या दफनभूमीत उपासना करतात. त्या पहाटेला घरच्यांना एकटे येऊ देऊ नये, त्यांच्या दारावरून जाऊन त्यांना सोबत घ्यावे. सिमेट्री हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ निजण्याची जागा असा आहे, आणि अंधारात दगडांमधून चालताना हे सांगितले तर भाषणापेक्षा अधिक पोहोचते.

घरच्यांची आशा पार आटली असेल, उपासनेला यावेसे वाटत नसेल, तर त्यांना ओढू नये. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उसकटून खाली सोडले, तेव्हा येशूने त्या चौघांचाही विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. काही काळ एखाद्याच्या वाट्याची आशा मंडळीने वाहायची असते. भेटीला जाणाऱ्याचीही कधी आटते. तेव्हा त्याने ती वाटत असल्याचा आव न आणता दुसऱ्या कोणाला तरी खाटेचा कोपरा धरायला सांगावे.

त्या मुलाच्या आईकडे मी दर बुधवारी जात राहिलो. चहा होई, ती मुलाविषयी बोले, कधी नाही बोले. नवव्या आठवड्यात तिने स्वतःच म्हटले, “ते कोठवरवालं वाचा.” मी वाचले. शेवटच्या दोन वचनांपाशी मी थांबलो, तर ती म्हणाली, “वाचा की पुढं.” निघताना स्वयंपाकघराच्या दारावर लटकणाऱ्या कालनिर्णयावर मी पुढच्या बुधवारच्या तारखेला पेनाने गोल केला. तेव्हापासून प्रत्येक घरी मी हेच करतो: पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याच कॅलेंडरवर लिहितो, आणि पाऊस असला तरी त्या दिवशी जातो.